दाढ कशाने भरावी?



दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपली जुनी म्हण आहे. चणे मिळणे नशिबावर असेल. पण दात राखणे बरेचसे आपल्या हाती आहे. आज किडलेली दाढ भरण्याविषयी मी चार गोष्टी सांगणार आहे.

पुष्कळ लोक म्हणतात, "दाढ दुखते ना? मग काढून टाका. ब्याद गेली!" पण मोठ्या माणसाची दाढ एकदा गेली की पुन्हा उगवत नाही. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात. भाकरी नीट चावत नाही. म्हणून दाढ वाचण्यासारखी असेल तर ती भरून घ्यावी.

आधी कीड म्हणजे काय ते बघू. दाढेत अळी नसते. धुरी देऊन किडा पाडून दाखवणारे लोक आपल्याला फसवतात. खरी गोष्ट अशी. गोड आणि पिठाळ अन्नाचे कण दाताला चिकटून राहतात. डोळ्यांना न दिसणारे जंतू ते कण खातात आणि त्यांचे आम्ल करतात. त्या आम्लाने दाताचे कठीण कवच झिजते. आधी डाग पडतो, मग खड्डा. खड्डा आत नसेपर्यंत पोचला की रात्री ठणका सुरू होतो.

दातांचे डॉक्टर किडलेला भाग कोरून काढतात आणि खड्ड्यात मसाला भरतात. मसाले तीन-चार प्रकारचे आहेत. डॉक्टर विचारतात, "कोणता भरू?" आपण म्हणतो, "स्वस्तातला भरा." कोणी ऐटीत म्हणतो, "भारीतला भरा." दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. आपण जमीन बघून बी पेरतो की नाही? तसाच दात बघून मसाला निवडावा.

पहिला मसाला चांदीचा. याला लोक चांदी म्हणतात, पण ती नुसती चांदी नव्हे. तिच्यात निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील आणि तांबे यांची पूड असते. ही चांदी बळकट. चावण्याच्या दाढेत दहा-पंधरा वर्षे सहज टिकते. थोडी ओल असली तरी चालते. पण ती दाताला आपणहून चिकटत नाही. तिला अडकवून ठेवायला दात जास्त कोरावा लागतो. रंगही काळपट दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, पारा तर विष, मग तो तोंडात कसा? जपानात मिनामाता नावाचे गाव आहे. कारखान्यातला पारा तिथल्या समुद्रात गेला, माशांत उतरला, आणि मासे खाणारी माणसे लुळी पडली. १९५६ साली तो रोग उघडकीस आला. त्या गावाच्या नावाने २०१३ साली अनेक देशांनी पाऱ्याविषयी करार केला. २०१८ साली भारतही त्यात सामील झाला. दातांतली चांदी कमी करत आणायची, असे त्यात ठरले. पंधरा वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांना ती भरू नये, असे २०२२ साली ठरले. पण माशांतला पारा निराळ्या रूपाचा होता. म्हणून कोणाच्या दाढेत जुनी चांदी घट्ट बसलेली असेल तर भिऊन ती उकरून काढू नका. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

दुसरा मसाला सिमेंटचा. घर बांधायचे सिमेंट नव्हे बरं का! काचेची बारीक पूड आणि एक आम्ल मिसळून हे करतात. १९७०च्या सुमारास इंग्लंडात ते निघाले. हे दाताला आपणहून चिकटते, म्हणून दात कमी कोरावा लागतो. त्यातून फ्लोराइड नावाचे द्रव्य हळूहळू झिरपते. ते किडीला आवर घालते. लहान मुलांचे दात, हिरडीजवळचे खड्डे, यांना हे चांगले. विजेचे यंत्र नसले तरी हातातल्या हत्याराने कीड काढून हे भरता येते. आफ्रिकेतल्या टांझानिया देशात १९८५च्या सुमारास खेड्यांतून असे काम सुरू झाले. मात्र जिथे जोराने चावायचे अशा मोठ्या खड्ड्यात हे लवकर झिजते.

तिसरा मसाला दाताच्या रंगाचा. यात राळेसारखा पदार्थ आणि काचेची पूड असते. निळा उजेड टाकला की तो लगेच घट्ट होतो. दात कमी कोरावा लागतो. हसताना कळतसुद्धा नाही. पुढच्या दातांना हाच बरा. दाढेतही चालतो. पण भरताना थुंकीचा थेंब लागता कामा नये. काम सावकाश करावे लागते, म्हणून पैसेही जास्त पडतात.

चौथा मसाला पांढरा, लवंगेच्या तेलाचा वास येणारा. हा तात्पुरता असतो. इथेच मोठा घात होतो. ठणका थांबतो, माणूस म्हणतो, "झालं काम!" आणि परत जात नाही. काही दिवसांनी मसाला निघून पडतो, आत पू होतो, आणि वाचणारी दाढ हातची जाते. म्हणून डॉक्टर म्हणाले, "आठ दिवसांनी या," तर जायचेच.

दाढ रात्री आपोआप ठणकत असेल, ऊन चहा लागल्यावर कळ बराच वेळ राहत असेल, तर बहुधा नस बिघडलेली असते. मग नुसता मसाला भरून भागत नाही. आधी नसेचा इलाज करावा लागतो. तो खर्चाचा. खड्डा लहान असताना गेलात तर निवड तुमच्या हाती असते. उशीर केलात तर निवड राहत नाही.

बाजारात चटई पसरून दात भरणाऱ्याकडे जाऊ नका. त्याची हत्यारे उकळलेली नसतात. एकाच्या तोंडातली कावीळ दुसऱ्याला होते. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. तिथे दाखवा.

आणि डॉक्टरांना विचारायला लाजू नका. खड्डा किती खोल आहे? नस शाबूत आहे का? मसाला कायमचा की तात्पुरता? किती वर्षे टिकेल? पैसे किती? आणि त्या बाजूने कधी चावू? बाई गरोदर असेल तर तिने आधीच तसे सांगावे.

आज घरी गेलात की एक करा. उजेडात उभे राहून एकमेकांच्या दाढा बघा. पोरांच्या आधी बघा. काळा खड्डा दिसला, तर तो दुखेपर्यंत थांबू नका.