नवाची गोष्ट आणि एक सतरा अंकी संख्या
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



माझे वडील निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत दिवाणजी होते. एका दिवाळीला हिशेबात २७ रुपये कमी आले. संशय एका तरुण कारकुनावर गेला. वडिलांनी एवढंच विचारलं, "फरक नवानं भागतोय का?" भागत होता. "मग आधी उलटे पडलेले अंक शोधू, पोराला नंतर विचारू." रात्रभर वह्या चाळल्यावर ६३ च्या जागी ३६ लिहिलेले सापडले. पोराची नोकरी वाचली, अब्रूही वाचली.

दोन अंकी संख्येचे अंक उलटे केले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. कितीही अंकी संख्येचे अंक कसेही फिरवा, हेच होतं. हाच धागा धरून देवळालीच्या एका शाळामास्तरांनी जगाला थक्क केलं. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू.

१९५६ हे साल आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. त्याचेच अंक घ्या. उतरत्या क्रमाने ९६५१, चढत्या क्रमाने १५६९. वजाबाकी ८०८२. पुन्हा तसंच करा: ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ हटत नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत इथेच येते. हाच कापरेकर स्थिरांक.

आता मोठी संख्या. १११११११११, म्हणजे नऊ एक, याचा वर्ग करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं ते परार्ध अशी अठरा स्थानं आहेत. आपली संख्या 'मध्य' या सतराव्या स्थानापर्यंत जाते, परार्धाला एकच पायरी कमी!

हिची जात कोणती? उलटसुलट सारखीच, म्हणून विलोमपद. पूर्ण वर्ग, म्हणून विभाजकांची संख्या विषम, ते ४५ आहेत. कापरेकरांनी अशा संख्यांना 'डेम्लो' म्हटलं. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचंच ते नाव. आणखी एक: हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने हिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना मास्तरांनी नाव दिलं 'हर्षद', आनंद देणारी.

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी त्यांचं काम पोरखेळ मानलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. मास्तर मात्र त्याआधी कित्येक वर्षं कागद आणि पेन्सिल घेऊन बसलेच होते.

आपली नातवंडं घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. त्यांना पाढे मराठीतून म्हणायला लावा, एवढीच विनंती. आणि आज आरतीनंतर एक गणित घाला: ६१७४ हर्षद आहे का? उत्तर मी सांगणार नाही. नातू सांगेल तेव्हा त्याचा चेहरा बघा, म्हणजे मास्तरांनी 'हर्षद' नाव का दिलं ते कळेल.

गणपती बाप्पा मोरया!