मालाची मोजदाद आणि हातांतील स्कॅनर

औषधांच्या दुकानांतून गोळ्यांची डबी घेतली कीं तिच्यावर काळ्या रेघांचा एक पट्टा किंवा काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसतो. विकत घेणारा तिकडे क्वचितच पाहतो. परंतु दुकानांत येण्यापूर्वीं ती डबी ज्या गोदामांत राहिली, तेथील सारा हिशेब याच खुणेवर चाललेला असतो. माल आला, फळीवर ठेवला, तेथून काढला, गाडींत भरला. अशा प्रत्येक वेळीं कामगार हातांतील स्कॅनर त्या खुणेवर धरतो आणि नोंद होते. हें यंत्र जुनें झालें म्हणजे तें केव्हां व कसें बदलावें, हा प्रश्न वरवर व्यापाऱ्यांपुरता दिसतो; परंतु त्याचा धागा घरांतील आजाऱ्याच्या उशापर्यंत येऊन पोंचतो.

या खुणेचा इतिहास मनोरंजक आहे. नॉर्मन जोसेफ वुडलंड या अमेरिकन गृहस्थांस ती मायामीच्या समुद्रकांठीं वाळूंत बोटें ओढतांना सुचली. तारायंत्राच्या मोर्स लिपींतील बिंदु आणि रेघा खालीं लांबविल्या तर यंत्रास त्या वाचतां येतील, असें त्यांना वाटलें. त्यांनीं व बर्नार्ड सिल्व्हर यांनीं १९४९ सालीं पेटंटकरितां अर्ज केला. १९५२ सालीं तें मिळालें. लेसर व संगणक यांची जोड मिळेपर्यंत मात्र ती कल्पना फारशी पुढें सरकली नाहीं. आज जगभर चालणाऱ्या रेघांच्या पद्धतीनें पहिली विक्री झाली ती २६ जून १९७४ रोजीं, अमेरिकेंतील ओहायओ राज्यांत ट्रॉय या गांवीं. विकली गेलेली वस्तु होती चुइंगगमचें एक पुडकें!

जुना लेसर स्कॅनर हलत्या आरशाच्या साहाय्यानें प्रकाशाची एक बारीक रेघ पट्ट्यावरून फिरवितो. काळ्या रेघेवरून प्रकाश कमी परततो, पांढऱ्या जागेवरून अधिक. त्या चढउतारावरून यंत्र आंकडे ओळखतें. किराणा मालाच्या पट्ट्यांत सामान्यतः १३ आंकडे असतात. वस्तु कोणती, एवढें त्यांवरून कळतें. ती कोणत्या बॅचची आणि तिची मुदत केव्हां संपणार, हें कळत नाहीं. चौकोनी खूण मात्र आडवी व उभी अशी दोन्ही दिशांनीं मजकूर सांठविते. हिचा एक प्रकार, म्हणजे क्यूआर कोड, १९९४ सालीं जपानांतील डेन्सो वेव्ह येथें मासाहिरो हारा यांनीं मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठीं तयार केला. ती वाचण्यास सबंध चित्र टिपणारा, कॅमेऱ्याचा डोळा लागतो. लेसरच्या एका रेघेचें तें काम नव्हे.

हा भेद भारतांत आतां कायद्याचाही झाला आहे. २०२२ सालीं दुरुस्त झालेल्या औषध नियमांप्रमाणें १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषधांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड आवश्यक आहे, आणि त्यांत बॅच व मुदत यांचाही समावेश असावा लागतो. एखादी बॅच सदोष ठरून परत मागविली गेली, तर तिची प्रत्येक पेटी कोठें गेली हें गोदामास सांगतां आलें पाहिजे. जेथें स्कॅनरला ही खूण वाचतां येत नाहीं, तेथें बॅचचा आंकडा हातानें टिपावा लागतो. घाईंत एक आंकडा चुकला, तर सदोष पेटी फळीवरच राहते आणि कागदोपत्रीं मात्र ती परत गेलेली दिसते.

डोळा शाबूत असला तरी यंत्राचा मेंदू म्हातारा झालेला असतो. अशीं पुष्कळ यंत्रें विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ या प्रणालीवर चालत. तिच्या दुरुस्त्या पुरविणें १४ जानेवारी २०२० रोजीं थांबलें. यंत्र पूर्वींसारखेंच चालतें, म्हणून मालकास धोका दिसत नाहीं. परंतु जुन्या यंत्रास नवें बिनतारी कुलूप उघडतां येत नसेल, तर त्याच्यासाठीं सगळ्या गोदामास जुनें, कच्चें कुलूप ठेवावें लागतें.

याचा अर्थ जुनें तें सारें टाकाऊ, असा मात्र नव्हे. टेबलास तारेनें जोडलेला आणि केवळ रेघा वाचणारा स्कॅनर त्याच कामापुरता कित्येक वर्षें उपयोगी पडतो. शिवाय खूण वाचली गेली नाहीं म्हणजे दोष नेहमीं यंत्राचाच असतो, असेंही नाहीं. लेबल पुसट छापलें असेल, तर नवा स्कॅनरही अडखळतो. म्हणून प्रथम लेबल पाहावें, मग यंत्र.

बदल करतांना कामगाराचा हात विसरूं नये. जुन्या यंत्राच्या कळा तो न पाहतां दाबतो. नव्याच्या गुळगुळीत कांचेवर हातमोजा घातलेलें बोट चांचपडतें. लसी २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत ठेवितात. तेथून भिवंडीसारख्या ठिकाणच्या दमट हवेंत बाहेर येतांच स्कॅनरच्या कांचेवर बाष्प धरतें आणि त्याचा डोळा आंधळा होतो. अशा गोष्टी माहितीपत्रकापेक्षां कामगारास विचारल्यानें लवकर कळतात. म्हणून सगळीं यंत्रें एका रात्रींत बदलूं नयेत. गोदामाच्या एका भागांत कांहीं दिवस जुनें व नवें बरोबर चालवावें, दोहोंच्या नोंदी ताडून पाहाव्या, आणि मगच पुढें जावें.

बाद झालेलीं यंत्रें भंगाराच्या हातगाडीवर घालणें योग्य नव्हे. त्यांतील नोंदी पुसून टाकाव्या, आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें तीं नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावीं.

गोदामांतील वही आणि फळीवरील माल यांचा मेळ बसणें, हेंच या सर्व खटाटोपाचें प्रयोजन होय. आजाऱ्याच्या हातीं पडणाऱ्या गोळीवरील विश्वास त्याच मेळावर उभा असतो. तो मेळ जोंवर बसतो तोंवर यंत्र जुनें असलें तरी चालेल. तो तुटूं लागला, म्हणजे चालू यंत्रही बदलण्यास उशीर करूं नये.