सेकंड हँड पोलो जीटी घेताय? टोकन देण्याआधी हे ऐका

आज गाड्यांवर बोलू. आपल्या वर्ध्यात खरीखुरी स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते. आपल्या बजेटमधली स्पोर्ट्स कार म्हणजे जुनी पोलो जीटी टीएसआय. 2013 मध्ये आली, पुण्याजवळ चाकणला बनायची. 1.2 लिटर टर्बो पेट्रोल, 105 पीएस आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. 2022 मध्ये पोलो बंद झाली, पण पोरांचा जीव अजून तिच्यातच अडकलाय.

माझा हिंगणघाटचा मित्र, त्याचंही तेच. नागपूरला एक 2016 ची जीटी पाहायला गेलो. गाडी एकदम चकाचक. हा लगेच मला बाजूला घेऊन म्हणतो, "टोकन देऊन टाकू काय बे? दुसरा कोणी उचलून नेईन." खिशात वीस हजार होते, दोन वर्षांच्या बचतीतले. मी म्हटलं, "थांब ना, आधी पाहू तर दे."

पहिली गोष्ट, बोनेटला हात लावला. गरम! म्हणजे आपण यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलेली. थंड इंजिनचा खडखडाट, धूर, सगळं त्यात लपतं. न सांगता अर्धा तास आधी पोचा.

दुसरं, ओबीडी स्कॅनर. ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळतो, स्टिअरिंगखाली लावायचा, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा. एरर कोड एकही नाही. मित्र खूश. पण मी सॉफ्टवेअरवाला, लॉग कोरा दिसला की मला शंका येते. कोड मिटवल्यानंतर गाडी किती चालली, हा आकडा वेगळा असतो. तो होता 9 किलोमीटर! बॅटरी काढली तरी तो कधीकधी शून्य होतो, म्हणून लगेच कुणाला चोर ठरवू नका. पण विचारा.

विचारलं. मालक म्हणाले, "सेन्सरचा किरकोळ प्रॉब्लेम होता."

मग टेस्ट ड्राइव्ह. लोक मोकळ्या रस्त्यावर पळवून पाहतात, तिथं डीएसजी लोण्यासारखाच चालतो. त्याची खरी परीक्षा गर्दीत. आम्ही गाडी ट्रॅफिकमध्ये रांगत चालवली. पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना थरथर. चाळीस मिनिटांनी डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकायला लागलं. या गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक युनिट किंवा क्लच गेला तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह पाच मिनिटांची नको, पाऊण तासाची घ्या. दुपारी घ्या, म्हणजे आपल्या विदर्भाच्या उन्हात एसीही कळतो.

तिसरं, पाणी. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात अंबाझरी ओसंडला, कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊनपुसून बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, चिखलाची रेघ राहते. स्टेपनीखालची जागा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा.

टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर घेऊन समृद्धीवर चढू नका.

आणि कागद. एमपरिवहन ॲपवर नंबर टाका, मालक कितवा ते कळतं. चालान थकलेत का तेही तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. विक्रीसाठी फॉर्म 29 आणि 30. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. "नंतर करू" म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या.

त्या दिवशी आम्ही टोकन न देता परतलो. मित्र बुटीबोरीपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "गाडी भारी होती पण यार." होतीच ना. म्हणून तर तपासायची. जी गाडी आवडते तिचेच दोष आपल्याला दिसत नाहीत, म्हणून सोबत असा एक जण न्या ज्याला ती गाडी घ्यायची नाही.

तो अजून शोधतोय. वीस हजार शाबूत आहेत. चला, भेटू पुढच्या भागात!