शिसपेन्सिलीची रेघ आणि विषारी वायू

(राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त नगरपालिका कर्मचाऱ्यांसमोर दिलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानावर अधिकारवाणीने बोलावे एवढा माझा वकूब नाही. परंतु प्रयोगशाळेतील ज्ञान लोकांपर्यंत पोहोचविणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच होय. म्हणून हे धाडस करीत आहे.

आरंभ शिसपेन्सिलीपासून करतो. नाव शिसपेन्सिल असले, तरी तिच्यात शिसे मुळीच नसते. असते ते ग्राफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप. त्यातून वीज वाहते. त्यामुळे पेन्सिलीची काळी रेघ ही एका अर्थी विजेची तारच होय.

१९९१ साली जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे २००० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखवून दिले की, नायट्रोजन डायऑक्साइडच्या संपर्कात या नलिकांचा विद्युतरोध घटतो आणि अमोनियाच्या संपर्कात तो वाढतो. रोधातील हा बदल मोजला की वायूची चाहूल लागते. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. टिमोथी स्वेगर यांच्या सहकाऱ्यांनी तर नलिकांची भुकटी दाबून पेन्सिलीची कांडी बनविली आणि कागदावर रेघ ओढून अमोनियाचा संवेदक तयार केला.

जी गोष्ट रेघ ओढून साधते, ती छपाईनेही साधते. जाळीच्या चौकटीतून लग्नपत्रिका छापतात, तशीच कार्बनची शाई प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर, कागदावर वा कापडावर छापता येते. प्रचलित धातू-ऑक्साइड संवेदक सामान्यतः २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात. कार्बनचा संवेदक मात्र नेहमीच्या तपमानातही काम देतो. त्यामुळे त्याला वीज थोडी लागते, आणि तो वाकविता येतो.

आता हे सर्व आपणांसच का सांगावयाचे? आपणांपैकी अनेकांचा संबंध मलनिःसारण वाहिन्यांशी येतो. तेथील हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा जड असून तळाशी साचतो. प्रारंभी त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले, की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे माणसाला वाटते, आणि तेथेच घात होतो. पहिला परत आला नाही म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यामागून तिसरा. ज्या ठिकाणी नाक फसते, त्या ठिकाणी न फसणारा पहारेकरी हवा.

तथापि, या तंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ओलाव्याने कार्बनच्या संवेदकाचे मोजमाप चळते, आणि गटारातील हवा तर सदैव दमट. नुसता कार्बन एका वायूतून दुसरा नेमका ओळखू शकत नाही. त्यासाठी त्यावर धातूंचे कण वा बहुवारिके यांची जोड द्यावी लागते. कालांतराने त्याची पुन्हा पडताळणीही करावी लागते. म्हणून आज उपलब्ध असलेली प्रमाणित वायुमापके बाजूला ठेवून या नव्या पट्टीवर विसंबणे योग्य ठरणार नाही.

शिवाय, संवेदक म्हणजे माणसाला खाली उतरविण्याचा परवाना नव्हे. पुरेशी संरक्षक साधने न देता माणसाला गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. अशा कामात मृत्यू ओढवल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. परंतु गेलेला जीव कोणत्याही रकमेने परत येत नाही. सफाई यंत्रानेच व्हावी. आणि तळाची हवा तपासावयाची असेल, तर दोरीच्या टोकाला बांधून संवेदक खाली जावा. माणूस वरच राहावा. कार्बनच्या या काळ्या रेघेकडून आपली अपेक्षा आहे ती एवढीच.

जय हिंद! जय महाराष्ट्र!