मानसिक प्रथमोपचार : साह्य आणि सीमा

(खारघर येथील कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



सिडकोने वसविलेल्या खारघरमध्ये नोकरीनिमित्त आलेल्या अनेकांचे आप्त दूरगावी असतात. अशा वेळी खचलेले मन प्रथम ध्यानी येते ते शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या. त्याला साह्य कसे करावे, याचे प्रशिक्षण २००० साली ऑस्ट्रेलियात बेट्टी किचनर व अँथनी जॉर्म यांनी सुरू केले.

प्रथमोपचारकाने शांतपणे ऐकावे, धीर द्यावा आणि तज्ज्ञांकडे जाण्यास साह्य करावे. निदान करणे, औषध सुचविणे किंवा कार्यालयीन तक्रारींचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. मोडलेल्या हाताला फळी बांधून आपण रुग्णाला दवाखान्यात पोचवितो. हाड बसवीत नाही.

ऐकलेले गुप्त ठेवावे; मात्र जिवाला धोका असल्यास इतरांची मदत घ्यावी लागेल, हे आरंभीच सांगावे. तसा धोका दिसताच त्या व्यक्तीस एकटे सोडू नये व तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही उपलब्ध आहे.

कार्यालयप्रमुखांनी या सीमा लेखी ठरवून द्याव्यात आणि प्रथमोपचारकाच्या मनावरील भारही हलका होईल अशी सोय करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.