कावची बाई आणि तिच्यासोबतची मुलगी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मागच्या बैठकीत 'पूर्वी बायका राज्य करायच्या का' यावरून आपण बरंच भांडलो. म्हणून आज पेरू देशातली एक हकिगत घेऊन आले आहे. मी पुरातत्त्व शिकलेली नाही, समाजकार्य शिकलेली आहे. तेव्हा वाचलं ते सांगते, तेही माझ्या चष्म्यातून.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वाळवंटात साधारण इ.स. 100 ते 800 या काळात मोचे लोक राहत. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांचं पाणी कालव्यांनी फिरवून ते मका, कापूस पिकवीत. कच्च्या विटांचे टेकडीएवढे चौथरे रचीत. लिपी नव्हती. जे सांगायचं ते मडक्यांवर रंगवलं. त्यात एक प्रसंग वारंवार येतो. बांधलेल्या कैद्यांचे गळे चिरले जातात आणि रक्ताचा पेला प्रमुखापुढे धरला जातो. त्या विधीतल्या मुख्य व्यक्तींपैकी एक बाई आहे, हे 1980 साली आन-मारी ओकेंगेम आणि पॅट्रिशिया लायन या दोघींनी दाखवून दिलं. पण चित्रातलीच ती, देवीसारखी. देवी मानायला कुणाची हरकत असते?

1991 साली सान होसे दे मोरो इथे थडगं उघडलं आणि तोच पेला, तसाच तुऱ्यांचा शिरपेच घेऊन पुरलेली खरीखुरी बाई सापडली. पुढे तिथे अशा आणखी बायका निघाल्या.

आणि 2005 साली एल ब्रुहो इथल्या काव व्हिएहो या चौथऱ्यात रेगुलो फ्रँको यांच्या पथकाला कापडात गुंडाळलेला एक मोठा गाठोडा मिळाला. आत पंचविशीच्या आसपासची बाई. कोरड्या हवेमुळे कातडीसुद्धा टिकलेली, हातांवर साप आणि कोळी गोंदलेले. सोबत सोन्याचे दागिने, सोन्याच्या सुया, विणायची साधनं. शिवाय दोन मोठे सोटे आणि भाला लांब फेकायचे 23 दांडे. सुयांचं कुणाला नवल वाटलं नाही. शस्त्रांचं मात्र जाणकारांनाही वाटलं. ती राज्यकर्ती होती की पुरोहित, यावर अजून वाद आहे. असू दे. पण 1987 साली सिपान इथे शस्त्रं, दागिन्यांसह पुरुष सापडला तेव्हा तो 'सिपानचा स्वामी' झाला, आणि शस्त्रं त्याचीच का, असं कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

हे वाचून मी हरखले होते, खोटं कशाला बोलू? मग पुढचं वाचलं. या बाईला मूल झालेलं होतं, आणि गर्भारपणात किंवा बाळंतपणातल्या गुंतागुंतीत ती गेली असावी, असं शरीर तपासणाऱ्यांना वाटतं. एवढं सोनं, एवढी सत्ता, आणि मरण ते! आपण वाडी-वस्तीवर ज्या मरणाच्या नोंदी करतो, तेच.

तिच्याबरोबर पुरलेली एक किशोरवयीन मुलगीही होती. तिच्या गळ्याभोवती दोर होता. गळा आवळून मारून तिला बाईच्या सोबतीला धाडलं होतं.

आमच्या एका वस्तीत मी ही गोष्ट सांगितली. बायका राणीचं ऐकून टाळ्या वाजवत होत्या. मागे बसलेल्या, घरकाम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "त्या पोरीचं नाव काय होतं?" नाव तर दोघींचंही कुणाला माहीत नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मोठीला निदान गावाचं नाव दिलंत."

मी निरुत्तर झाले. पेरूच्या त्या गावात आज या बाईसाठी संग्रहालय आहे आणि 2017 साली तिचा चेहराही घडवून मांडला गेला. आपण राणीच्या बाजूने बोलताना त्या मुलीला कुठे बसवायचं, यावर आता तुम्ही बोला. मी ऐकते.