‘सी’च्या जागी ‘बी’: एका अमानतीची गोष्ट
(साताऱ्यातील युवा कार्यशाळेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक दीड मिनिटाची होती. निस्तरायला चार महिने लागले, आणि तरी ती पूर्ण निस्तरली नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही काही मुलंमुली साताऱ्याहून चिखल काढायला गेलो. घराघरांत दोरीवर कागद वाळत घातले होते. निकाहनामे, शाळा सोडल्याचे दाखले, सातबारे, रेशनकार्डं, लग्नातले फोटो. पंचनाम्याला कागद हवे होते. त्याच डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि कागदांची धास्ती आणखी वाढली. म्हणून आम्ही लोकांचे कागद आणि फोटो स्कॅन करायला सुरुवात केली. दोन वर्षांत ४६ कुटुंबांचे कागद एक टीबीच्या हार्ड डिस्कवर जमले. डिस्क साताऱ्यात माझ्या घरी होती. दुसरी प्रत? ‘या रविवारी करू’ असं म्हणतच दोन वर्षं गेली.

२०२२ च्या जानेवारीत एका मित्राच्या जुन्या लॅपटॉपसाठी मी लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करायला बसलो. ‘डीडी’ नावाची आज्ञा आहे. ती सांगाल तिथे लिहिते, एकदाही विचारत नाही. माझा पेन ड्राइव्ह नेहमी ‘एसडीबी’ म्हणून दिसायचा. त्या दिवशी हार्ड डिस्क आधी जोडलेली होती, त्यामुळे ‘एसडीबी’ ती झाली आणि पेन ड्राइव्ह ‘एसडीसी’. मी सवयीने ‘बी’ लिहिलं. दीड मिनिटाने काम झाल्याचा संदेश आला, तेव्हा लक्षात आलं की पेन ड्राइव्हचा दिवा एकदाही लुकलुकला नव्हता. तीन जीबी ४६ घरांच्या कागदांवर लिहून झाले होते. आधी ‘एलएसबीएलके’ चालवलं असतं, तर एक टीबी आणि सोळा जीबी हा फरक डोळ्यांसमोर होता.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. मी डिस्क काढून ठेवली. एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला, ‘फॉरमॅट करून बघ, कधी कधी येतं.’ हे कधीही ऐकू नका. प्रत्येक नवं लिखाण जुन्याला गाडतं. दुसरी एक डिस्क उसनी आणली आणि ‘डीडीरेस्क्यू’ने सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली. जुन्या यूएसबीवरून रात्रभर लागलं. पुढचं सगळं त्या प्रतीवर. मूळ डिस्कला हात नाही.

आता नेमकं काय गेलं होतं? डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशनची नोंद असते, तिथे आता लिनक्सचा इन्स्टॉलर बसला होता. पण जीपीटी पद्धतीत त्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. ‘जीडिस्क’ने ती उचलली आणि पार्टिशन दिसू लागलं.

पुढचा प्रश्न फाइल सिस्टीमचा. आमची ईएक्सटीफोर होती. ती डिस्कचे १२८ एमबीचे गट पाडते आणि स्वतःची मूळ माहिती, म्हणजे सुपरब्लॉक, ठरावीक गटांत पुन्हा लिहून ठेवते. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या, मग एकदम पंचविसाव्या. नवव्यापर्यंतच्या सगळ्या प्रती तीन जीबीखाली गेल्या होत्या. पंचविसाव्या गटातली, ब्लॉक क्रमांक ८१९२०० वरची, वाचली होती. ‘ईटूएफएससीके’ला तो क्रमांक दिला आणि दुरुस्ती सुरू झाली.

ईएक्सटीफोर सगळ्यांत वरचे फोल्डर मुद्दाम डिस्कभर लांब लांब ठेवते. प्रत्येक कुटुंबाचा एक फोल्डर होता, म्हणून बहुतेक वाचले. ते ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये सापडले, आतल्या फाइलींच्या नावांसकट. पण फोल्डरचं स्वतःचं नाव त्याच्या आत नसतं, ते वरच्या यादीत असतं. ती यादी सुरुवातीलाच होती, म्हणून गेली. घराण्यांच्या नावांच्या जागी नुसते आकडे आले. कागदांचं निभावलं, कारण दाखल्यावर नाव लिहिलेलं असतं. फोटोंचं काय? फोटोत कोण उभं आहे हे आम्ही एकाच तक्त्यात लिहिलं होतं, आणि तो तक्ता त्या यादीशेजारीच होता.

काही फोल्डर आलेच नाहीत. त्यासाठी ‘फोटोरेक’ चालवलं. ते नावं बघत नाही, फाइलीची सुरुवात ओळखतं आणि मिळेल ते बाहेर काढतं. शेकडो फोटो आले, सगळ्यांना नाव म्हणून ‘एफ’ आणि पुढे आकडे. जिथे प्रत्यक्ष वर लिहिलं गेलं होतं, तिथलं मात्र काही आलं नाही. एकदा वर लिहिलं की ते कोणत्याही दुकानात परत मिळत नाही. पैसे घेऊन कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि डिस्क एसएसडी असेल, तर नुसतं डिलीट केलेलंही बऱ्याचदा हाती लागत नाही.

यंत्राचं काम इथे संपलं. चेहरे परत आले होते, नावं नव्हती. फोटो छापून मी सांगलीला गेलो. आधी प्रत्येक घरी जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. काही जण रागावले. एका घरात चहाही मिळाला नाही, आणि ते रास्तच होतं. एक खाला मात्र चष्मा पुसून फोटो बघत बसल्या. ‘ये मेरी सास हाय. बाजू में खडी सो फुफ्फी. ये बच्चा कौन, मेरे कू बी नै मालूम. नन्नी कू पूछ.’ नन्नी म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या, त्यांच्याहूनही वयस्कर बाई. त्यांना तो मुलगा आठवत होता. अशी एकेक नावं परत आली. काही घरांतल्या बुजुर्ग बाई त्या दोन वर्षांत गेल्या होत्या. त्या फोटोंच्या मागे आम्ही ‘अनोळखी’ असं लिहिलं आहे.

हार्ड डिस्कला मी दोष देत नाही. तिने तर स्वतःची मूळ माहिती ठिकठिकाणी लिहून ठेवली होती. आम्ही मात्र माणसांची नावं एकाच तक्त्यात ठेवली. आणि समाज म्हणून आपण आपल्या घरांचा इतिहास बहुधा एकाच म्हाताऱ्या बाईच्या आठवणीत ठेवतो. तिची दुसरी प्रत आपण काढतच नाही.

आता आमच्याकडे तीन प्रती आहेत. एक सांगलीत, एक साताऱ्यात, म्हणजे कृष्णेचं पाणी चढलं तरी दोन्ही एकदम जाणार नाहीत. तिसरी ज्या त्या कुटुंबाच्या हातात, त्यांच्या स्वतःच्या कागदांची. नाव प्रत्येक फोटोच्या फाइलीतच लिहिलेलं असतं. डिस्कना पासवर्ड आहे, कारण हे कागद आपले नाहीत, अमानत आहेत.

घरी गेलात की आधी दादीजवळ बसा. जुना फोटो दाखवा, कोण कोण आहे विचारा, आणि लगेच दोन ठिकाणी लिहून ठेवा. रविवारची वाट बघू नका.